पायथनमधली तयार गणिती फंक्शन्स: पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

पायथन शिकायला लागलं की वर्गमूळ, टक्के, व्याज, कोन अशी गणितं लवकरच समोर येतात, आणि ती सोडवणारी फंक्शन्स भाषेत तयारच असतात. ती स्वतः लिहीत बसायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: फंक्शनला जे विचारलं त्याचंच उत्तर ते देतं, तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. तुम्ही अंश समजून कोन दिलात आणि त्याने रेडियन धरला, तरी उत्तर येतं, तेही सोळा-सतरा अंकी आणि कसलीही तक्रार न करता. म्हणून एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे असा आकडा फंक्शनला आधी द्यायचा, उत्तर जुळलं की मगच आपला खरा आकडा द्यायचा. खालच्या प्रत्येक टप्प्यात हेच करू.

तयारी

संगणकावर पायथन ३.९ किंवा त्यानंतरची आवृत्ती असली की पुरे. फोनवर शिकत असाल तर पायड्रॉइड ३ हे ॲप चालेल, आणि ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर गुगल कोलॅब. या लेखात फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून टाइप करायची. जिथे उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

चलांची नावं मात्र खरोखर देवनागरीत ठेवता येतात. पायथन ३ मध्ये मुद्दल, दर, उंची ही नावं जशीच्या तशी चालतात, आणि शिकताना ती ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, कारण डोकं गणितात राहतं. कोडमधले आकडे मात्र रोमनच लागतात. कोडमध्ये थेट ४२ लिहिलंत तर पायथन वाक्यरचनेची चूक दाखवेल. गंमत म्हणजे वापरकर्त्याने टाइप केलेला "४२" हा मजकूर इंट फंक्शनला दिला, तर ते तो आकडा बरोबर ओळखतं. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी काही बनवत असाल तर हे फार उपयोगाचं आहे.

पहिला टप्पा: काहीही न मागवता मिळणारी फंक्शन्स

अ‍ॅब्स, राउंड, मिन, मॅक्स, सम, पॉव, डिव्हमॉड ही सात फंक्शन्स पायथन उघडल्याबरोबर हजर असतात. अ‍ॅब्स चिन्ह काढून टाकतं: अ‍ॅब्स(-७) म्हणजे ७. मिन, मॅक्स आणि सम यांना यादी द्यायची. डिव्हमॉड भागाकार आणि बाकी एकदम देतं. २०० मिनिटांचा प्रवास किती तासांचा हे डिव्हमॉड(२००, ६०) विचारलं की (३, २०) मिळतं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. राउंडकडे नंतर सविस्तर येऊ.

इथे दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. पहिलं मॅक्समध्ये. इनपुट फंक्शनने घेतलेला आकडा हा आकडा नसून मजकूर असतो. तो तसाच यादीत टाकला तर मॅक्स(["९", "१०"]) याचं उत्तर "९" येतं, कारण मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते आणि "९" हे "१" च्या नंतर येतं. म्हणून इनपुट घेतल्याबरोबर ते इंट (पूर्णांकासाठी) किंवा फ्लोट (दशांशासाठी) या फंक्शनमधून काढा.

दुसरं घातांकाचं. पायथनमध्ये पाचाचा वर्ग ५ ** २ असा लिहितात. एक्सेलची सवय असलेले लोक ** ऐवजी ^ हे टोपीचं चिन्ह वापरतात. पायथनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे, ते बिटांवर काम करतं, आणि ५ ^ २ याचं उत्तर ७ येतं. चूक दाखवली जात नाही, नुसता सात येतो. पाचाचा वर्ग पंचवीस हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून ही गडबड लगेच दिसते, १.०७५ चा अठरावा घात असता तर दिसली नसती.

दुसरा टप्पा: मॅथ मॉड्यूल मागवणं

बाकीची फंक्शन्स मॅथ नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे फंक्शन्सच्या तयार संचात, आहेत. फाइलच्या अगदी वर एक ओळ लिहायची:

इम्पोर्ट मॅथ

आता वर्गमूळ काढायचं फंक्शन मॅथ.एसक्यूआरटी या नावाने मिळेल, स्पेलिंग एस-क्यू-आर-टी. पाठ असलेला आकडा देऊन बघा:

मॅथ.एसक्यूआरटी(१४४)

उत्तर १२.० येतं. शेवटचं ".०" सांगतं की हे दशांश प्रकारातलं उत्तर आहे, पूर्णांक नाही. पूर्णांकाचं वर्गमूळ पूर्णांकातच हवं असेल तर आयएसक्यूआरटी हे वेगळं फंक्शन आहे. ते अपूर्णांक सोडून देतं आणि कितीही मोठ्या संख्येवर अचूक चालतं.

मागवण्याची दुसरी पद्धत अशी:

फ्रॉम मॅथ इम्पोर्ट एसक्यूआरटी अ‍ॅज वर्गमूळ

यानंतर कोडमध्ये थेट वर्गमूळ(१४४) लिहिलं तरी चालतं. शाळेतल्या मुलांना शिकवताना ही पद्धत वापरून बघाच.

तिसरी पद्धत टाळा. ती म्हणजे इम्पोर्टच्या पुढे * टाकून मॉड्यूलमधलं सगळं एकदम ओढून घेणं. त्यात मॅथमधलं पॉव हे पायथनच्या स्वतःच्या पॉववर येऊन बसतं, आणि दोघांची वागणूक वेगळी आहे. पायथनचं पॉव(२, १००) एकतीस अंकी पूर्ण आणि अचूक संख्या देतं. मॅथमधलं पॉव त्याच प्रश्नाला १.२६७... गुणिले दहाचा तिसावा घात अशा दशांश रूपात उत्तर देतं, ज्यात शेवटचे अंक दिसतच नाहीत. आणखी एक: स्वतःच्या फाइलला मॅथ हे नाव देऊ नका. काही संगणकांवर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलते.

तिसरा टप्पा: फ्लोअर, सील, ट्रंक

शाळेची सहल आहे. १३० मुलं, एका बसमध्ये ४८ जागा. १३० भागिले ४८ म्हणजे २.७०८. बस किती लागतील? इथे जवळचा पूर्णांक विचारायचा नाही, वरचाच पूर्णांक हवा. तो सील देतं, स्पेलिंग सी-ई-आय-एल.

मॅथ.सील(१३० / ४८)

उत्तर ३. १०० मुलं असती तर भागाकार २.०८ आला असता. राउंडने २ सांगितलं असतं आणि चार मुलं शाळेच्या दारात राहिली असती. फ्लोअर खालचा पूर्णांक देतं: १०० रुपयांत ३० रुपयांचे वडापाव किती, तर ३.

धन संख्यांसाठी फ्लोअर आणि ट्रंक (स्पेलिंग टी-आर-यू-एन-सी) सारखीच वागतात, ऋण संख्यांवर वेगळी होतात. फ्लोअर(-३.५) म्हणजे -४, कारण संख्यारेषेवर खाली -४ आहे. ट्रंक(-३.५) म्हणजे -३, कारण ते फक्त दशांशाचा भाग छाटतं. इंटही ट्रंकसारखंच छाटतं. पायथनचा // हा भागाकार फ्लोअरच्या बाजूचा आहे, म्हणून -७ // २ याचं उत्तर -४ येतं आणि -७ % ३ याचं उत्तर २ येतं. सी भाषेत हीच बाकी -१ येते. दोन्ही भाषा शिकणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

आता एक प्रयोग करा. १९.९९ रुपयांचे पैसे किती? १९९९, हे तोंडपाठ. पायथनला विचारा:

इंट(१९.९९ * १००)

उत्तर १९९८. एक पैसा गेला कुठे? तो समजला की राउंडचं वागणंही समजेल.

चौथा टप्पा: राउंड, आणि दशांश संख्या आत कशा राहतात

संगणक दशांश संख्या दोनच्या घातांमध्ये साठवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश कधी पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३३ असं चालूच राहतं. तसंच दोनच्या पद्धतीत ०.१ पूर्ण लिहिता येत नाही. जागा ठरलेली असते: आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे एका संख्येला ५३ बिटांची अचूकता, म्हणजे साधारण पंधरा ते सतरा अंक. मग संख्या तेवढ्या जागेत बसणाऱ्या सर्वांत जवळच्या संख्येवर आणली जाते. म्हणून ०.१ + ०.२ याचं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि १९.९९ * १०० हे १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. इंटने त्याचा दशांश छाटला आणि १९९८ उरले. इथे इंटच्या जागी राउंड लावा, उत्तर १९९९ येईल.

हा पायथनचा दोष नाही. जावास्क्रिप्ट, सी, जावा या भाषांतही हेच आकडे येतात, कारण खालचं मानक एकच आहे.

आता राउंड. शाळेत शिकलो की अर्धा आला की वर जायचं. पायथनला विचारून बघा:

राउंड(०.५) याचं उत्तर ०
राउंड(१.५) याचं उत्तर २
राउंड(२.५) याचं उत्तर २
राउंड(३.५) याचं उत्तर ४

नेमका अर्धा आला की पायथन जवळच्या सम संख्येकडे जाते, आणि त्याला कारण आहे. वरच्या चार आकड्यांची खरी बेरीज ८ आहे. शाळेच्या नियमाने १, २, ३, ४ होऊन बेरीज १० झाली असती. पायथनच्या नियमाने ०, २, २, ४ होऊन ८ राहते. हजारो नोंदींची बेरीज करताना सतत वरच्या बाजूला झुकत जाणं या नियमाने टळतं. जावास्क्रिप्टचं मॅथ.राउंड आणि एक्सेलचं राउंड २.५ चे ३ करतात. त्यामुळे एकच हिशेब एक्सेलमध्ये आणि पायथनमध्ये केला आणि फरक आला, तर आधी इथे बघा.

राउंडला दुसरा आकडा दिला की दशांशानंतर किती स्थळं ठेवायची ते ठरतं. तो आकडा ऋणही देता येतो: कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राउंड(१६४६, -२) म्हणजे १६००. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

पण राउंड(२.६७५, २) हे २.६८ न देता २.६७ देतं. इथे सम संख्येचा नियम लागलेलाच नाही. २.६७५ ही संख्या आत २.६७४९९९९९... अशी साठवलेली आहे, म्हणजे ती अर्ध्यापेक्षा किंचित कमीच आहे, आणि राउंडने तिच्यापुरतं योग्यच केलं. बिल, जीएसटी, पगार असे पैशांचे हिशेब करताना म्हणूनच साध्या दशांश संख्या वापरू नयेत. दोन मार्ग आहेत. एक, सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात करायचा आणि दाखवताना शंभराने भागायचं. दुसरा, डेसिमल मॉड्यूल वापरायचं. त्यात संख्या अवतरणचिन्हांत द्यावी लागते, डेसिमल("२.६७५") अशी, पहिलं डी मोठं लिहून, आणि अवतरणचिन्हं विसरलात तर आतली चूक तशीच पुढे येते. पूर्णांकन कसं करायचं हे तिथे आपण सांगू शकतो, आणि शाळेच्या नियमाचा पर्याय राउंड_हाफ_अप या नावाने, तो सगळा मोठ्या अक्षरांत, मिळतो.

दोन दशांश संख्या समान आहेत का हे == ने कधी तपासू नका. त्यासाठी मॅथ.इजक्लोज आहे, स्पेलिंग आय-एस-सी-एल-ओ-एस-ई. ते मोठ्या आकड्याच्या प्रमाणात फरक मोजतं, त्यामुळे शून्याशी तुलना करताना ॲब्स_टॉल हा तिसरा आकडाही, ॲब्स_टॉल= असं नाव लिहून, द्यावा लागतो, नाहीतर शून्याच्या अगदी जवळची संख्याही वेगळीच ठरते.

पाचवा टप्पा: पाय आणि त्रिकोणमिती

मॅथ.पाय, स्पेलिंग पी-आय, हे फंक्शन नाही, साठवलेली संख्या आहे: ३.१४१५९२६५३५८९७९३. कंस द्यायचे नाहीत. २२/७ ची सवय इथे सोडून द्या. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर पायने १,१३,०९७ लिटर येतं. २२/७ ने सुमारे ४५ लिटर जास्त. आणि सूत्रात त्रिज्या जाते, व्यास नाही: मॅथ.पाय * ३ ** २ * ४.

साइन, कॉस, टॅन ही फंक्शन्स एस-आय-एन, सी-ओ-एस, टी-ए-एन अशी टाइप करायची. ती कोन रेडियनमध्ये घेतात. रेडियन अकरावीत भेटतो, त्याआधी आपण सगळे अंशांतच वाढतो, म्हणून ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. ३० अंशांचं साइन अर्धं, हे पाठ आहे. मॅथ.साइन(३०) विचारा: -०.९८८ येतं. मधे मॅथ.रेडियन्स घाला:

मॅथ.साइन(मॅथ.रेडियन्स(३०))

आता ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येतं. शेवटचा फरक वर सांगितलेल्या साठवणुकीचा आहे, घाबरू नका.

खरा आकडा घेऊ. नारळाच्या झाडापासून बारा मीटर अंतरावर उभे राहा. शेंड्याकडे बघताना नजर आडव्या रेषेशी ५० अंशांचा कोन करते, आणि डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत.

उंची = १२ * मॅथ.टॅन(मॅथ.रेडियन्स(५०)) + १.५

उत्तर सुमारे १५.८ मीटर. नारळाला शोभणारी उंची. रेडियन्स विसरलात तर -१.७६ येतं, म्हणजे झाडाचा शेंडा जमिनीखाली पावणेदोन मीटर. इथे उत्तर अशक्य असल्यामुळे चूक पकडता आली. पण दुसरा एखादा कोन असता तर उंची चुकीची असूनही शक्य वाटेल अशी आली असती. म्हणून कोनाचा प्रश्न असेल तर ३० किंवा ४५ अंशांची चाचणी आधी करायचीच.

उलटी फंक्शन्सही, म्हणजे एसिन, एकॉस, एटॅन, उत्तर रेडियनमध्ये देतात. ते अंशांत आणायला मॅथ.डिग्रीज आहे. नकाशावर दिशा काढायची असेल तर एटॅन ऐवजी एटॅन२ घ्या. ते उभं आणि आडवं अंतर वेगवेगळं घेतं, आधी उभं मग आडवं, त्यामुळे चारही चरणांतली दिशा बरोबर येते.

सहावा टप्पा: लॉग

लॉगटेबल वापरलेल्यांना लॉग १०० म्हणजे २ हे आठवत असेल. मॅथ.लॉग(१००) मात्र ४.६०५ देतं, कारण त्याचा पाया ई, म्हणजे सुमारे २.७१८ ही संख्या, आहे. दहाच्या पायाचं हवं असेल तर मॅथ.लॉग१०. मॅथ.लॉगला दुसरा आकडा म्हणून पाया देता येतो, पण दहासाठी तसं करू नका: मॅथ.लॉग(१०००, १०) हे २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं आणि त्याला इंट लावला की तीनाचे दोन होतात. लॉग१०(१०००) नेमके ३.० देतं.

लॉगचा घरगुती उपयोग म्हणजे पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. दरसाल सात टक्के चक्रवाढ असेल तर:

मॅथ.लॉग(२) / मॅथ.लॉग(१.०७)

उत्तर १०.२४. बहात्तर भागिले दर हा जुना आडाखाही १०.२९ सांगतो, तेव्हा जुळतंय. व्याज वर्षाअखेरीस जमा होत असेल तर सील लावून ११ वर्षं धरा.

मोजणीची फंक्शन्स

यांच्यात फसवणारं काही नाही. मसावि म्हणजे जीसीडी: मॅथ.जीसीडी(४८, ३६) याचं उत्तर १२. लसावि म्हणजे एलसीएम, हे ३.९ पासून आहे: एक बस दर १५ मिनिटांनी आणि दुसरी दर २० मिनिटांनी सुटत असेल तर दोन्ही पुन्हा एकदम ६० मिनिटांनी सुटतील. बारा जणांच्या कबड्डी संघातून मैदानातले सात जण निवडायचे प्रकार किती, तर मॅथ.कॉम्ब(१२, ७), म्हणजे ७९२. क्रमही महत्त्वाचा असेल तर कॉम्बच्या जागी पर्म.

सातवा टप्पा: चुकांचे संदेश वाचणं

मॅथ.एसक्यूआरटी(-१) दिलं की व्हॅल्यूएरर येतो. म्हणजे आकड्याचा प्रकार ठीक आहे, पण त्या फंक्शनच्या कक्षेत तो बसत नाही. लॉगला शून्य दिलं तरी हेच. टाइपएरर आला तर तुम्ही आकड्याऐवजी मजकूर दिला आहे, बहुतेक इनपुटमधून आलेला. ओव्हरफ्लोएरर म्हणजे उत्तर मावेनासं झालं, मॅथ.ईएक्सपी(१०००) मागितलं की हा दिसतो. नेमएरर आला तर वरची इम्पोर्टची ओळ राहिली आहे. ऋण संख्येचं वर्गमूळ खरोखरच हवं असेल तर सीमॅथ हे वेगळं मॉड्यूल आहे.

एखादं फंक्शन काय घेतं आणि काय देतं याची शंका आली तर हेल्प(मॅथ.लॉग) लिहा, माहिती तिथल्या तिथे मिळते.

आठवा टप्पा: सगळं एकत्र, कर्जाचा हप्ता

आता स्वतःचं फंक्शन लिहू. समान मासिक हप्त्याचं सूत्र: मुद्दल गुणिले मासिक दर गुणिले गुणक, भागिले गुणक वजा एक. गुणक म्हणजे एक अधिक मासिक दर, त्याचा महिन्यांएवढा घात.

डेफ हप्ता(मुद्दल, दर, महिने):
    र = दर / १२ / १००
    गुणक = (१ + र) ** महिने
    रिटर्न राउंड(मुद्दल * र * गुणक / (गुणक - १), २)

आधी पाठ असलेलं उत्तर. एक लाख, वर्षाला बारा टक्के, मुदत एकच महिना: मुद्दल आणि एक टक्का व्याज, म्हणजे १,०१,००० यायला हवेत. हप्ता(१०००००, १२, १) तेवढेच देतं. आता पाच लाख, नऊ टक्के, साठ महिने: १०,३७९.१८ रुपये. साठने गुणून पाच लाख वजा केले की एकूण व्याज सुमारे १,२२,७५१ रुपये.

आणखी एक चाचणी. दुकानात मोबाइल घेताना शून्य टक्के व्याजाचा हप्ता असतो. साठ हजार, बारा महिने, उत्तर पाच हजार हे कोणीही सांगेल. हप्ता(६००००, ०, १२) चालवा: झिरोडिव्हिजनएरर. दर शून्य असला की गुणक एक होतो आणि खाली एक वजा एक उरतो. म्हणून डेफच्या ओळीखाली हे घाला:

    इफ दर == ०:
        रिटर्न राउंड(मुद्दल / महिने, २)

आता ५०००.० येतात. महिने शून्य दिले तर अजूनही तीच चूक येईल. ती तशीच राहू द्या. शून्य महिन्यांच्या कर्जाला हप्ता नसतो, आणि तिथे आकडा मिळण्यापेक्षा प्रोग्रॅम थांबलेला बरा.